आर्किटेक्चरचं वेड कुठल्या इमारतीनं लावलं? (आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीनं?)

मुक्ता_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, बी.आर्कच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडं कुणालाही आवडती इमारत विचारा, उत्तरं ठरलेली. सिडनीचं ऑपेरा हाउस, लोटस टेंपल, बुर्ज खलिफा, ताज. पुढं 'का?' म्हणून विचारलं की 'भव्य आहे', 'आकार वेगळाच आहे' इथं गाडी थांबते. फोटो सगळ्यांनी तेच पाहिलेले, मग कौतुकही तेच.

आधी माझं सांगते. अहमदाबादचं आयआयएम, लुई कान यांचं. काम १९६२ ला हाती घेतलं, बाळकृष्ण दोशी त्यांच्या जोडीला होते. स्टडी टूरला बसमधून उतरल्या उतरल्या अख्खा वर्ग त्या भिंतींतल्या मोठाल्या गोलांसमोर फोटो काढायला पळाला. मी एका साध्या कमानीपाशी अडकले. विटांची कमान, पण चांगलीच चपटी, आणि तिचे दोन्ही पाय जोडणारी काँक्रीटची आडवी पट्टी.

कमानीवर वजन आलं की ती पाय फाकवते, दोन्हीकडच्या भिंती बाहेर ढकलते, हे स्ट्रक्चरच्या तासाला शिकलो होतो, पेपरात लिहूनही आलो होतो. कमान जितकी चपटी तितका रेटा जास्त. म्हणून जुन्या बांधकामात कमानीच्या दोन्ही अंगांना जाडजूड भिंत लागते. इथं तो रेटा भिंतीपर्यंत जाऊच दिलेला नाही, त्या पट्टीनं पाय बांधून टाकलेत. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण काँक्रीटमधल्या सळईनं घ्यायचा. आणि हे सगळं उघड्यावर, प्लॅस्टर नाही की रंग नाही. खाली उभं राहून बघितलं तरी कोण काय काम करतंय ते कळतं. इमारत अशी वाचता येते हे मला तिथं उमगलं, आणि आपल्यालाही हे कधीतरी जमेल असं वाटलं.

तर याद्या नकोत. एक इमारत सांगा आणि तिच्यातली एकच गोष्ट. शक्यतो स्वतः जाऊन पाहिलेली.

ओळंबा

मुक्ताताई, मी आर्किटेक्ट नाही. वडील गवंडी, मी वाईत बांधकामाची कामं घेतो. तरी लिहितो.

वाईचा ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत आहे. लोक पुढून येतात, मूर्ती बघतात, हात जोडतात, घाटावर फोटो काढून जातात. एकदा देवळाच्या मागं जाऊन बघा. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती काढलीय. रास्त्यांनी १७६२ ला देऊळ बांधलं ते कृष्णेच्या अगदी पात्राला लागून. पूर आला की पाणी सपाट भिंतीवर थडकतं, तिथंच घुमतं आणि जोत्याखालची माती ओरबाडून नेतं. भिंतीला धार असली की दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. पुलाच्या खांबाला पाणी येतं त्या बाजूला टोक काढलेलं असतं, तेच हे.

वडील म्हणायचे, "ह्येचा नकाशा काढणाऱ्यानं पूर बघितल्याला हाय." नुसतं कागदावर बसून काढणाऱ्याला हे सुचायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात या, पाणी कसं फाटतं ते दिसेल. लांबूनच बघा मात्र.

माहुलीकर

धागा आवडला. मी साताऱ्याचा, सध्या पुण्यात प्रॅक्टिस करतो. आमच्या पिढीतले बरेच जण चार्ल्स कोरियांमुळे या क्षेत्रात आले. पुण्यातच आयुकाचा, म्हणजे खगोलशास्त्राच्या संस्थेचा, परिसर त्यांचा आहे. मधल्या कुंडाच्या पायऱ्यांवर बसून याच म्हणून कॉलेजच्या मुलांना सांगतो. पण मला वेड लावलं ते मुंबईच्या कांचनजंगानं.

पेडर रोडजवळचा १९८३ चा टॉवर, २८ मजले आणि फ्लॅट फक्त ३२. मुंबईत मोठी अडचण पश्चिमेची. वारा तिकडून, समुद्र तिकडे, आणि जीव काढणारं दुपारचं ऊन नि झोडपणारा पाऊसही तिकडूनच. खिडक्या पश्चिमेला दिल्या तर घर तापतं आणि भिजतं, नाही दिल्या तर हवा बंद. जुन्या बंगल्यांनी यावर चारी बाजूंनी व्हरांडा घालून तोड काढली होती. ऊन-पाऊस व्हरांड्यानं झेलायचा, खोली आत सुरक्षित. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून टॉवरच्या कोपऱ्यात नेला, दोन मजले उंच केला आणि त्याची बाग केली. बाहेरून जे रंगीत, खोल कोनाडे दिसतात ते सजावटीचे नाहीत. तो व्हरांडाच आहे.

आमच्या साताऱ्याच्या घराला सोपा होता, त्यामुळे सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखा काढलेला नकाशा, पाहिल्या पाहिल्या ओळख पटली. आत जायला मिळालेलं नाही, खासगी घरं आहेत ती. म्हणजे तुझ्या 'स्वतः पाहिलेली' या अटीत मी अर्धाच बसतो.

कृष्णाकाठ_६५

परदेशी आणि महानगरी इमारतींचं कौतुक झालं असेल तर सांगलीहून खिद्रापूरला जाऊन या. जिल्हा कोल्हापूर, पण आपल्याला जवळ. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ, त्याचा स्वर्गमंडप. ४८ खांब, आणि मधोमध छताला गोल मोकळी जागा, थेट आभाळ. बरोबर त्याखाली जमिनीवर अखंड गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र माथ्यावर येतो तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते.

रोमच्या पँथिऑनला, त्या जुन्या देवळाला, जग डोक्यावर घेतं. तेच आपल्याकडं होतं आणि आपल्याच पोरांना माहीत नाही.

सेक्शन_एए

काका, खिद्रापूर माझंही लाडकं आहे, पण 'तेच आपल्याकडं होतं' याला हरकत आहे. दोन्हीकडं छताला भोक आहे. साम्य बहुतेक इथंच संपतं.

पँथिऑन हा घुमट आहे. साधारण इसवी सन १२६ च्या सुमाराचा, रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातला. व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. काँक्रीट, पण आत सळई नाही. तरी आजवर टिकलाय, कारण वर जाईल तसं वजन कमी करत नेलंय. खाली जड दगडाची खडी, वर प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र हलका दगड. जाडी पायथ्याशी ६ मीटरच्या वर, माथ्याशी सव्वा मीटरच्या आसपास. आतून चौकोनी खण कोरून आणखी वजन काढलेलं. आणि माथ्यावर, जिथलं वजन सगळ्यात जास्त नडलं असतं, तिथं सुमारे ९ मीटरचं भोकच. त्या भोकाची कड कमानीच्या माथ्यावरच्या दगडाचं काम करते: सगळीकडून येणारा दाब कडेत फिरतो. पाऊस आत पडतोच. त्यासाठी फरशीला मधे किंचित फुगवटा आणि पाणी जायला भोकं आहेत.

खिद्रापूर म्हणजे खांब आणि तुळई. मधल्या वर्तुळात १२ खांब, त्यांच्यावर तुळया, वर दगडाचे गोल थर थोडे थोडे आत सरकवत आणलेले. रेटा जवळजवळ नाहीच, वजन सरळ खाली उतरतं. म्हणून तिथं खांबांचं दाट रान आहे, आणि पँथिऑनमध्ये मधे एकही खांब नाही. एकात आभाळ फार दुरून दिसतं. दुसऱ्यात तुम्ही खांबांच्या सावलीतून चालत येता आणि एकदम उजेडात पाऊल पडतं. दोन वेगळे अनुभव आहेत. खिद्रापूरला रोमचं प्रशस्तिपत्र कशाला पाहिजे?

घुमटाशीच तुलना करायची तर सांगलीहून जतमार्गे विजापूर गाठा. गोलघुमट १६५६ चा, बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर. कुजबुज-गॅलरीत टाळ्या वाजवून लोक परत येतात. ती गॅलरी आणि तो घुमट कशावर टेकलाय ते खालून बघा. चौकोनी दालनात कमानी एकमेकींना छेदत अशा टाकल्यात की चौकोनाचा वरती गोल होतो. त्या कमानींमधलं बांधकाम आत झुकलेलं आहे, त्याचं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि घुमटाचा बाहेरचा रेटा त्यात बराचसा जिरतो.

कृष्णाकाठ_६५

बरं बाबा, 'तेच' शब्द मागं घेतला. पण पोरांना माहीत नाही हे तर खरं?

सेक्शन_एए

ते शंभर टक्के खरं.

मिरजेचा_टेकू

'स्वतः जाऊन पाहिलेली' ही अट मला तरी जाचक वाटते. मिरजेत बसून कोण कुठं जाणार होतं? मला सिडनीच्या ऑपेरा हाउसनंच नादी लावलं, तेही कॅलेंडरवरच्या फोटोतून. मुक्ता म्हणते तसं 'आकार वेगळा' एवढंच तेव्हा कळलं होतं. पण तो फोटो नसता तर पुढचं काही वाचलंच नसतं.

पुढचं म्हणजे हे. यॉर्न उट्झोन १९५७ ची स्पर्धा जिंकला तेव्हा त्या शिंपल्यांचा आकार हातानं काढलेला होता, बांधायचा कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक शिंपल्याचा बाक वेगळा, मग प्रत्येक तुकड्याला वेगळा साचा लागणार. काही वर्षं डोकं खाजवून तोडगा निघाला: सगळे शिंपले एकाच मापाच्या गोलाचे तुकडे करायचे. एकच गोल म्हणजे बाक सगळीकडं एकच, म्हणजे त्याच त्या साच्यांतून तुकडे ओतून जोडता येतात. टाइल्सनाही तोच हिशेब. इतका 'मुक्त' दिसणारा आकार कडक भूमितीत बसवल्यावरच उभा राहिला. खर्च आणि सरकारशी भांडणं वाढली, १९६६ ला उट्झोन काम सोडून गेला. १९७३ ला उद्घाटन झालं. पुरी झालेली इमारत त्यानं प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही.

म्हणजे खुद्द बनवणाऱ्यानंही ती फोटोतच पाहिली! मग माझ्यावर कसली अट घालता?

मुक्ता_विश्रामबाग

हा हा, अट रद्द. 😄

आर्याची_आई_कराड

जरा वेगळा प्रश्न, धाग्याचा विषय भरकटत असेल तर माफ करा. मुलगी अकरावीला आहे. मोबाइलवर बार्सिलोनाच्या त्या चर्चचे, साग्रादा फामिलियाचे, व्हिडिओ सतत बघत असते. परवा माझी सोन्याची साखळी घेतली, दोन्ही टोकं कपाटाच्या खुंट्यांना अडकवली, खाली लोंबलेल्या साखळीचा फोटो काढला आणि फोन उलटा करून मला दाखवला. म्हणे, बघ आई, ही कमान. मला यातलं ओ की ठो कळत नाही. ह्यांचं म्हणणं इंजिनिअरिंगलाच घालू. तुम्ही लोक काय सांगाल?

माहुलीकर

ताई, साखळी जपून ठेवा आणि मुलीलाही. त्या चर्चचा आर्किटेक्ट गाउदी, त्यानं नेमकं हेच केलं होतं. दोऱ्या लोंबकळत सोडायच्या, जिथे वजन येणार तिथे छर्‍यांच्या लहान पिशव्या बांधायच्या आणि सगळं उलटं करून बघायचं. लोंबणाऱ्या साखळीत फक्त ताण असतो. तोच आकार उलटा केला की फक्त दाब उरतो, आणि दगड-विटांना दाबच हवा असतो. हा प्रयोग त्यानं कोलोनिया ग्वेल इथल्या चर्चसाठी केला होता, साग्रादा फामिलियात ते शहाणपण पुढे वापरलं. १८८३ ला त्यानं ते काम हातात घेतलं, १९२६ ला ट्रामखाली सापडून गेला तेव्हा बरंच बाकी होतं.

प्रवेशाचं म्हणाल तर बारावीला फिजिक्स आणि गणित असू द्या, नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, कोर्स पाच वर्षांचा. सुरुवातीचे पगार इंजिनिअरपेक्षा कमी, जागरणं जास्त. हे तिला आणि ह्यांनाही आधीच सांगा. सांगूनही ती साखळी सोडत नसेल तर अडवू नका.

निवृत्त_उपअभियंता

सगळं वाचलं. चर्चा चांगली आहे, पण एक कडू बोलतो. प्रसिद्ध इमारती बघून पोरं शिंपले आणि घुमट काढायला लागतात. फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर घ्या, धबधब्यावरचं घर. १९३० च्या दशकातलं. जगभर पोस्टरवर. त्याचे पुढे काढलेले सज्जे सेंट्रिंग काढल्यापासूनच वाकायला लागले होते. शेवटी २००२ ला आतून केबल ताणून ते सावरावे लागले. हे पोस्टरवर लिहीत नाहीत. मुक्ताबाईंच्या आयआयएमचंही तसंच. विटा खराब होत गेल्या, २००१ च्या भूकंपानं हादरा दिला, २०२० ला १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायचं ठरलं. जगभरातून ओरड झाल्यावर निर्णय मागं घेतला आणि २०२२ ला तोच प्रश्न पुन्हा वर आला. देखभालीचा विचार केला नाही की काय होतं त्याचाही अभ्यास करा.

आणि सांगलीतच राहून पँथिऑन काय काढताय? आयर्विन पुलावर जाऊन उभ्या राहा. १९२९ चा दगडी कमानींचा पूल. कृष्णेची पातळी तिथं मोजतात, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या कॉलेजांतल्या किती ड्रॉइंग-शिटांवर पूररेषा काढलेली असते, सांगा बघू.

मुक्ता_विश्रामबाग

सर, टोचलं, पण बरोबर आहे. आमच्या शिटांवर नॉर्थ पॉइंट नसला तर मार्क जातात, पूररेषा कुणी विचारत नाही.

तुमच्यावरून आठवलं. आजीचं घर गावभागात. २०१९ ला पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा मागच्या खोलीची पांढऱ्या मातीची भिंत अख्खी बसली होती, नुसता चिखलाचा ढीग. पण वरचं माळवद जागेवर! सागवानी खांब आणि तुळया तशाच उभ्या. भिंतीवर वजन नव्हतंच कधी, ती फक्त आडोसा होती. खांबाच्या पायथ्याला दगडी उथळा असल्यानं लाकूड थेट ओलीत नव्हतं. पाणी ओसरल्यावर आजोबांनी त्याच खांबांमध्ये नव्यानं विटांची भिंत घालून घेतली. शेजारच्या घराचा भार मातीच्या भिंतींवरच होता, ते वरपासून खालपर्यंत आलं. आयआयएमच्या कमानीत मला जे दिसलं तेच इथं होतं, फक्त मी इकडं कधी त्या नजरेनं बघितलं नव्हतं.

निवृत्त_उपअभियंता

आता कसं बोललात. त्या घराचं सेक्शन काढा. लुई कान राहू दे आठवडाभर.

माहुलीकर

कडू डोस मान्य, पण प्रसिद्ध माणसं सगळीच शिंपलेवाली नसतात हो साहेब. आर्किटेक्ट लॉरी बेकर पैसे वाचवण्यासाठीच प्रसिद्ध झाले. तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज बघा. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मधे पोकळी सोडायची, रॅट-ट्रॅप बाँड. जवळपास पाव हिश्श्यानं विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊन आत कमी येतं.

ओळंबा

हे मी वाईत एका फार्महाउसला करून बघितलंय. खरं सांगू का? वीट एका मापाची पाहिजे. आपल्याकडच्या भट्टीची एक वीट पाव इंच मोठी, दुसरी वाकडी. कडेवर उभी केली की तो फरक लगेच दिसतो. गवंडी दोन दिवसांत वैतागला, "दादा, ह्यापरीस नऊ इंची सरळ भिंत घालू द्या." शेवटी विटा निवडून घेतल्या, तेव्हा जमलं. विटा वाचल्या, पण निवडायची मजुरी लागली. ज्याला करायचंय त्यानं आधी भट्टी बघावी.

मुक्ता_विश्रामबाग

हे कुठल्याच लेक्चरमध्ये ऐकलेलं नाही. दादा, धन्यवाद.

एक विचारायचंय. मेझर्ड ड्रॉइंगसाठी (वास्तू मोजून तिचे नकाशे काढायचे) आम्हाला जवळपासची जुनी वास्तू निवडायची आहे. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर मनात आहे. वीरूबाईंनी बांधलेली, १७१९ ते १७२४ मधली, अष्टकोनी, मधे छोटा महाल, वर मोटा चालायच्या. मैत्रिणी म्हणतात, विहिरीत काय आहे मोजायला? तुमचं मत?

सेक्शन_एए

डोळे झाकून घे. बहुतेक इमारतींचं सेक्शन जमिनीवरून वर जातं, हिचं खाली जातं. जिन्यानं उतरताना उजेड कसा बदलतो ते तासातासानं टिपून ठेव. आणि मोटेचं चाक, बैलाची धाव, पाणी पडायची जागा, पाण्याचा दंड (पाट) हा सगळा प्रवास प्लॅनमध्ये दाखव. नुसत्या कोरीव शिल्पांचे फोटो चिकटवणारे खूप बघितलेत.

ओळंबा

पावसाळा सरल्यावर जा, शेवाळ असतं. स्टीलचा ३० मीटरचा टेप घे, कापडी ताणला की वाढतो. ओळंबा घे, खोली मोजायला लागेल. सगळ्यात महत्त्वाचं: अष्टकोनाच्या आठ बाजू मोजून घरी येऊ नकोस. बाजू सारख्या असल्या तरी कोन सरकलेले असू शकतात, मग घरी येऊन काढायला बसलीस की शेवटची बाजू जुळत नाही. समोरासमोरचे कर्ण घे सगळे, विहिरीवरून आडवा टेप धरायला दोघी-तिघी लागतील. एकटी जाऊ नकोस. रविवार असेल तर मला सांग, मी एक माणूस घेऊन येतो.